करवत आणि आज्ञार्थ

मराठीच्या अध्यापकांनी करवतीवर लिहावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्हालाही तसेच वाटले असते. आम्ही दोघे पती-पत्नी गेली सतरा-अठरा वर्षे दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. व्याकरणाच्या तासाला क्रियापदाचे चार अर्थ फळ्यावर लिहितो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणे देतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या चारांतील फरकावर कोणाची बोटे अवलंबून असू शकतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते कसे ठाऊक झाले, हे येथे सांगावयाचे आहे.

वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याला, आमचे वडिलोपार्जित घर आहे. (तालुक्याचे नाव 2025 मध्ये बदलून राजगड झाले, गाव मात्र वेल्हेच आहे.) घराची मागची पडवी पाडली, तेव्हा तिच्या सागवानी फळ्या आणि वासे आम्ही जपून ठेवले होते. त्या लाकडाची पुस्तकांची मांडणी करून घ्यावी असे मनात होते. 2024च्या श्रावणात ते काम काढले. काम करणारा मुलगा आमचा विद्यार्थीच होता, कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा. घराणे सुताराचे. त्याच्या आजोबांना सारा गाव आप्पा म्हणतो. आमच्या घराचे मूळ दरवाजे त्यांच्याच हातचे. आप्पांना आता डोळ्यांनी साथ दिलेली नाही, त्यामुळे ते बाजेवर बसून आवाजावरून नातवाचे काम तपासतात. रंधा कसा चालला आहे, हे त्यांना न बघता कळते.

नातवाजवळ रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट हे सारे आजोबांचे होते. करवत मात्र त्याची स्वतःची, विजेची होती. आमच्या भागात हिला कोणी करवत म्हणत नाही, ‘कटर’ म्हणतात. त्यातही त्याच्याजवळ होता तो चार इंची कटर, म्हणजे मूळचा फरशी कापायचा. त्याला हिऱ्याची चकती बसवून दगड कापावा, यासाठी तो बनवलेला असतो. चकती काढून त्या जागी लाकडाचे दातेरी पाते बसवले की तो लाकूडही कापतो. स्वस्त पडतो, हलका असतो, म्हणून गावोगावचे तरुण सुतार तो सर्रास वापरतात. लाकडासाठी बनवलेल्या सात इंची मशीनला खालच्या बाजूस स्प्रिंगचे झाकण असते. लाकडात शिरताना ते आपोआप मागे सरकते आणि बाहेर येताच पाते पुन्हा झाकून टाकते. फरशीच्या कटरला हे झाकण नसते, कारण दातच नसलेल्या चकतीला त्याची तितकी गरज नसते. दातेरी पाते बसवल्यावर ती गरज निर्माण होते. झाकण मात्र निर्माण होत नाही. हे आम्हाला पुढे कळले. त्या दिवशी आम्हाला एवढेच दिसत होते की काम झपाट्याने होत आहे. आणि ते झपाट्याने व्हावे म्हणून आम्हीच त्याला दोनदा बजावले होते: गणपतीच्या आत पुस्तके लागली पाहिजेत.

दुपारची वेळ होती. बाहेर पाऊस, आत ओसरीवर दोन स्टुले आणि त्यांवर आडवी टाकलेली सहा फुटी फळी. मुलगा उजव्या हाताने कटर चालवत होता आणि डाव्या हाताने, कटरच्या मागे, फळी दाबून धरत होता. कापत कापत पाते पलीकडच्या काठाजवळ आले. बाहेरचा तुकडा आता खाली पडणार, पडताना चिरफळणार, असे आमच्यापैकी एकाला वाटले. त्या एकाने पुढे होऊन तुकड्याचे टोक अलगद वर उचलून धरले. आमच्यापैकी कोणी, ते आम्ही सांगणार नाही. ‘आम्ही’ या सर्वनामाचा आजवर आम्ही लेखनात पुष्कळ दुरुपयोग केला आहे. एवढा एक उपयोग होऊ द्यावा.

उचलल्यामुळे काय झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे. फळीचे टोक वर गेले की कापलेली फट वरच्या बाजूने मिटते आणि पाते चिमटीत सापडते. या मशीनचे पाते अशा दिशेने फिरते की त्याचे पुढचे दात खालून वर येत लाकूड कापतात. चिमटीत सापडलेल्या दातांना कापता येत नाही, पण मोटर तर फिरतच असते. लाकूड जागचे हलत नाही, तेव्हा मशीनच लाकडावर चढते आणि कापणाऱ्याच्या दिशेने मागे उसळते. मागे त्याचा डावा हात होता. आम्ही आवाज ऐकला आणि नंतर पाहिले. या दोन क्रियांच्या मध्ये काही घडले, असे आम्हाला जाणवलेसुद्धा नाही.

डाव्या हाताच्या तर्जनीला हाडापर्यंत जखम झाली होती आणि मध्यमेचे वरचे पेर वेगळे झाले होते. आम्ही स्वच्छ पंचाने हात घट्ट दाबला, उंच धरला, हे बरोबर केले. तुटलेले पेर डब्यात थेट बर्फावर ठेवले, हे चुकीचे केले. नसरापूरवरून पुण्याला पोचल्यावर डॉक्टरांनी शांतपणे सांगितले ते वाचकांनीही लक्षात ठेवावे: तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फाचा थेट स्पर्श झाला की पेशी गोठून मरतात. तर्जनी वाचली, थोडी ताठ राहिली. मध्यमा एका पेराने कमी झाली. बर्फात न ठेवता ते पेर जगलेच असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. जगले नसते, असेही म्हणाले नाहीत.

या साऱ्या काळात आम्ही आपापसांत जे बोललो, ते सर्व संकेतार्थात होते. उचलले नसते तर. घाई केली नसती तर. पिशवीत घातले असते तर. संकेतार्थाची उदाहरणे आम्ही वर्गात नेहमी पावसाची आणि पिकाची देतो.

महिन्याभराने मुलगा घरी आला. आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा त्याने आम्हाला थांबवले. म्हणाला, “सर, तुम्ही उचललं म्हणून झालं हे खरंय. पण टोक उचलू नका, हे मी सांगायला पाहिजे होतं. ते मला माहीत होतं, हाताला माहीत होतं. पण सांगायला तोंडात काही आलंच नाही. आम्हाला कुणी कधी सांगितलेलंच नाही, नुसतं दाखवलेलं.”

या वाक्याने आम्हाला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (1915) आम्ही संदर्भासाठी वर्गात नेहमी नेतो. गावच्या बलुतेदारांत सुताराचे स्थान मोठे, हे विद्यार्थ्यांना सांगतो. पण सुतार आपल्या मुलाला सुतारकी कोणत्या वाक्यांत शिकवी, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. उत्तर असे की वाक्यांत शिकवीतच नसे. मुलगा बापाजवळ बसे आणि बघे. हातकरवतीच्या बाबतीत हे पुरतही होते. हातकरवत चुकायला वेळ देते. फट मिटू लागली की ती जड होते, कुरकुरते, अडते. हात थांबतो, पाचर मारतो, पुन्हा सुरू करतो. करवत स्वतःच शिकवते. आप्पांच्या हातावर पन्नास वर्षांच्या जखमांच्या खुणा आहेत, पण दहाही बोटे शाबूत आहेत.

विजेची करवत असा वेळ देत नाही. सात इंची मशीनचे पाते मिनिटाला सुमारे 5,000 फेरे घेते. त्याचा व्यास 185 मिलिमीटर धरला, तर दाताचा वेग सेकंदाला 48 मीटर, म्हणजे ताशी 170 किलोमीटरहून अधिक होतो. चार इंची कटर आकाराने लहान, पण त्याचे फेरे 12,000 ते 13,000. त्यामुळे त्याच्या दाताचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या घरात जातो. या वेगापुढे बघून शिकण्याला अर्थ उरत नाही, कारण चूक बघायला मिळण्यापूर्वीच ती घडून गेलेली असते. येथे शब्द आधी यावा लागतो.

आणि शब्दच आलेला नाही. ही हातात धरायची विजेची करवत 1920च्या दशकात अमेरिकेत जन्मली. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेल यांनी उसाच्या फडात कोयत्याने चाललेली तोडणी पाहिली आणि यंत्राचा कोयता करण्याच्या खटपटीतून त्यांना ही करवत सुचली, असे सांगतात. उसाचा आणि कोयत्याचा प्रदेश म्हणून या गोष्टीशी आपलेही नाते आहे. पण शंभर वर्षे होऊन, यंत्र घरोघरी पोचूनही, त्याच्याविषयीची सावधगिरी आमच्या भाषेत उतरली नाही. मुलाच्या कटरबरोबर मिळालेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती खोक्यातून कधी बाहेर निघाली नव्हती. कायद्याचा पहाराही त्याच्या ओसरीपर्यंत कधी आला नाही. 1948च्या कारखाना अधिनियमाने धोकादायक यंत्रांना आडोसा घालण्याची सक्ती केली होती खरी. पण विजेवर चालणारे काम असले तर निदान दहा कामगार असतील त्याच जागेला तो कारखाना मानी. आजोबा आणि नातू मिळून दहा होत नाहीत.

तेव्हा आम्ही ठरवले की निदान एक कागद आपण लिहावा. भाषा हाच आमचा व्यवसाय आहे. पानभर सूचना लिहिणे कितीसे कठीण असणार? इंग्रजी पुस्तिका, मुलाचा अनुभव आणि आमची पदव्युत्तर मराठी एकत्र करून आम्ही मसुदा केला. त्याचे पहिले वाक्य होते: “यंत्र कार्यान्वित असताना योग्य ती दक्षता घेण्यात यावी.” तो आम्ही आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. आप्पांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मास्तर, म्हंजे करायचं काय?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. दक्षता म्हणजे नेमके काय, योग्य ती म्हणजे कोणती, घेण्यात यावी म्हणजे कोणी घ्यावी? हा विध्यर्थ आहे. त्यात कर्तव्य असते, पण माणूस नसतो. त्यातून प्रयोगही असा निवडलेला की कर्ता शोधून सापडू नये. कार्यालयांच्या भिंतींवर, रस्त्यांच्या कडेला, औषधांच्या वेष्टनांवर आपली मराठी अशीच बोलते. ती चुकीचे काही सांगत नाही, कारण ती काहीच सांगत नाही. आप्पांच्या तोंडी मात्र दुसरीच भाषा होती: “हात काढ. बाजूला हो. थांब, फिरायचं थांबू दे.” प्रत्येक वाक्यात एक माणूस, एक अवयव, एक कृती. हा आज्ञार्थ. तो उद्धट असतो, असे समजून आम्ही लेखनातून त्याला हद्दपार केले आहे. वस्तुतः ज्याची काळजी वाटते त्याच्याशीच माणूस आज्ञार्थात बोलतो.

आपल्या भाषेला हे कधी जमलेच नाही, असेही नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ (1910) किंवा कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (1970) यांचा लौकिक नेमके काय आणि किती, हे सांगण्यावरच उभा आहे. त्याहून जुने आणि आमच्या डोंगरांना जवळचे उदाहरण शिवाजी महाराजांचे आहे. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना 1670च्या दशकात त्यांनी लिहिलेले पत्र बहुतेक अभ्यासकांना परिचित आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, या आशयासाठी ते उद्धृत केले जाते. आम्हाला आता त्याचा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. छावणीत वैरणीच्या गंजी आहेत, उन्हाळा आहे, आग लागेल, ही भीती त्यात आहे. पण नुसते ‘आगीपासून सावध राहा’ असे लिहून पत्र थांबत नाही. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि त्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत ते जाते. ज्या लेखकाला तो उंदीर दिसला, त्याच्या सूचनेने गंजी वाचतात. सुरक्षिततेच्या गद्याची कसोटी हीच, की त्यात उंदीर दिसला पाहिजे.

मग आम्ही तिघे आणि आप्पा मिळून आमचे उंदीर शोधू लागलो. पहिला सापडला तो वीज. आमच्याकडे पावसाळ्यात ती कधी जाईल, कधी येईल, याचा नेम नाही. कटरला बटण दाबून अडकवून ठेवण्याची सोय असते. कापताना वीज गेली, मशीन तसेच ठेवून माणूस चहाला उठला आणि वीज परत आली, की मशीन आपले आपण सुरू होते. इंग्रजी पुस्तिकेतील सूचना आमच्या अंगणातली नव्हती. आम्ही लिहिले: “वीज गेली की आधी बटण सोड, मग पिन काढ, मग ऊठ.” दुसरा उंदीर जुन्या लाकडातला. आमच्या पडवीच्या वाशांत जुने खिळे बुजून गेलेले होते. पाते खिळ्यावर आपटले की दात उडतो. “जुनं लाकूड कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी हात फिरवून खिळे काढ.” तिसरा ओलीचा. पावसात भिजलेली फळी फुगते आणि फट मिटते. “ओलं लाकूड वाळू दे.” ओल्या जमिनीवर उभे राहून, उघड्या वायरीने काम करू नको, हे तर आप्पांनीच सांगितले.

झाकणाविषयीचे वाक्य मुलाने स्वतः लिहिले: “लाकडाला लाकडाचंच मशीन घे. झाकण वर करून सोड, खटकन मिटलं तरच मशीन उचल. झाकण तारेनं बांधू नको.” पुढची वाक्ये एकेक करून जमत गेली. “पातं फळीच्या खाली दातभरच येऊ दे.” (पाते जितके अधिक बाहेर, तितके ते अधिक अडते आणि तितकेच अधिक कापते.) “फळी शिकंज्यानं आवळ, म्हणजे दोन्ही हात मशीनवर राहतील.” (दोन्ही हात मशीनवर असले की पात्यासमोर हातच उरत नाही.) “पात्याच्या रेषेत उभा राहू नको, एका अंगाला हो.” “पातं पुरतं फिरू लागलं की मग लाकडाला लाव. अडलं तर ओढू नको. बटण सोड, थांबू दे, मग काढ.” “पातं बदलताना बटणावर विसंबू नको, पिन काढ.” “डोळ्यांवर चष्मा घाल, नाकातोंडावर कापड बांध. गळ्यात उपरणं, हातात सैल मोजे नकोत.” आणि त्या दुपारी जे चुकले त्याविषयी: “दोन स्टुलांच्या मधे कापू नको. पडणारा तुकडा स्टुलाच्या बाहेर ठेव आणि त्याला पडू दे.”

एक शब्द मात्र अडून बसला. मशीनच्या त्या मागे उसळण्याला काय म्हणायचे? आम्ही ‘प्रतिक्षेप’ सुचवला, ‘प्रत्याघात’ सुचवला. दोन्ही निर्दोष आणि दोन्ही मृत. मुलगा म्हणाला, “आम्ही झटका म्हणतो.” पण विजेच्या धक्क्यालाही झटकाच म्हणतात, कागदावर घोटाळा होईल. आप्पा बाजेवरून म्हणाले, “बैल अडला की मागं काय करतो? लाथ मारतो.” तोच शब्द राहिला. “पातं अडलं की मशीन लाथ मारतं.” ज्याने गोठा पाहिला आहे, त्याला या वाक्यानंतर मागे हात ठेवू नको, हे निराळे सांगावे लागत नाही. परिभाषा कोशात घडवली जाते, असे आम्ही मानत आलो होतो. ती बाजेवरही घडते.

करवत मराठीला नवी नाही. काशीला जाऊन करवत घेण्याची कल्पना आपल्या जुन्या भाषेत आहे, करवतीच्या दातांची नक्षी लुगड्याच्या काठावर आहे. म्हणजे मोक्षासाठी आणि शोभेसाठी आपण तिला शब्द दिले. रोज तिच्यावर पोट भरणाऱ्याची बोटे वाचावीत, म्हणून द्यायचे शब्द तेवढे राहून गेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय क्षुल्लक वाटू नये, अशी आमची विनंती आहे. ललित गद्याच्या वाक्यात शैथिल्य राहिले तर फार तर समीक्षक नाराज होतो.

कागद पुरा झाला, त्याला आता वर्ष होऊन गेले. मुलाने आता झाकणाची सात इंची मशीन घेतली आहे आणि कागद तिच्या खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवला आहे. मांडणीही त्यानेच पुरी केली. त्या गणपतीत नव्हे, पुढच्या गणपतीत. परवा त्याच्याकडे गेलो, तेव्हा एक शाळकरी पोरगा हाताखाली होता आणि कागदावरची वाक्ये अडखळत मोठ्याने वाचत होता. शेवटचे वाक्य आम्ही लिहिलेले नव्हते. ते मुलाने आम्हाला न सांगता, नंतर, वेगळ्या शाईने घातले होते: “मशीन चालू असताना मदत करायची असेल तर आधी विचारा. विचारल्याशिवाय फळीला हात लावू नका.”

बाकीचा सारा कागद ‘तू’ म्हणतो. एवढ्या एका ओळीत आदरार्थी अनेकवचन आहे. ते कोणासाठी आहे, हे आम्ही त्याला विचारले नाही.